मोतीरामजींनी उचललेला वधस्तंभ

आमच्या अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीत उपवासकाळ लागला की त्यागाची चढाओढ सुरू होते. ईस्टरपर्यंत कोण काय सोडणार, हे शुक्रवारच्या साक्षीच्या सभेत उभं राहून सांगायचं, ही जुनी रीत. कोणी बिडी सोडतो, कोणी सुपारी. सोडलेली वस्तू सण झाला की पुन्हा धरायचीच असते, म्हणून कोणाचं फारसं बिघडत नाही.

या बाबतीत मोतीरामजींचा हात धरणारा कोणी नव्हता. ते कापसाच्या एका जिनात मजुरांची हजेरी घेत आणि मंडळीत वडील होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल त्यांचा मान. एका वर्षी त्यांनी चहा सोडला, तेव्हा त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, दोन्ही वेळ सुंठीचा काढा उकळत बसावं लागलं. पुढल्या वर्षी गादी सोडून ते सतरंजीवर निजले. कंबर धरली, आणि ती तेल लावून चोळायचं काम पार्वताबाईंकडे आलं. त्यांच्या-आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे या त्यागाचा जमाखर्च मला घरबसल्या कळे. जमा सगळी मोतीरामजींच्या नावावर, खर्च सगळा चुलीपाशी.

१९५८ सालच्या उपवासकाळात शांतवन मास्तरांनी तपकीर सोडली. जन्माची तपकीर! सभा हळहळली. मोतीरामजींजवळ त्या तोडीचं सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. नेमकं तेव्हाच पाळकसाहेबांनी पुंजारामचा विषय काढला. पुंजाराम म्हणजे दर्यापूरपासून अकोल्यापर्यंतचे आठवडी बाजार पायी करून शुभवर्तमानाची पुस्तकं विकणारा म्हातारा. आता त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्यातून त्याला घरी न्या म्हणत होते, पण घर कुठं होतं? पुढंमागं कोणी नाही, आणि तोंड असं फटकळ की ओळखीचे दुरूनच वळत. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले. अशा वेळी डोळे मिटलेले फार बरे पडतात.

मोतीरामजी मात्र उभे राहिले.

"वधस्तंभ उचलल्याशिवाय कोणी शिष्य होत नाही," ते म्हणाले. "पुंजारामभाऊंना आमची आतली खोली दिली. त्यांचे दिवस भरेपर्यंत."

मास्तरांची तपकीर कोणाच्या ध्यानातही राहिली नाही.

बायकांच्या बाजूला पार्वताबाई खाली मान घालून बसल्या होत्या. ती आतली खोली त्यांनी गेल्याच आठवड्यात चुन्यानं रंगवून घेतली होती. त्यांची एकुलती एक लेक एस्तेर ईस्टरनंतर अकोल्याहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि घरात बाहेरची एक आणि आतली एक, एवढ्याच खोल्या.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. एस्तेरनं कुठं बाळंत व्हायचं, असं पार्वताबाईंनी विचारलं. प्रभू मार्ग दाखवील, असं उत्तर मिळालं. बाहेरच्या खोलीत जिनातले लोक येऊन बसतात, तिथं काय? तर त्याग म्हटला की थोडं दुखणारच. यावर त्या जराही आवाज न चढवता म्हणाल्या,

"तुमी सभेत उभे राहता अन् पाय माहे दुखतात."

शेजारणींनी त्यांना सांगून पाहिलं की म्हाताऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या ऐकेनात. देवासमोर दिलेला शब्द, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात दोष काय, असं त्यांचं म्हणणं. छकड्यातून पुंजाराम आला तेव्हा त्यांनीच त्याला ऊन पाण्यानं पुसलं, ज्वारीची पेज भरवली. पाठीला जखमा पडू नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं, शौचाचं भांडं कधी द्यायचं, हे मोतीरामजींना शेजारी उभं करून दाखवलं. मोतीरामजी नाकाला रुमाल लावून माना डोलावत होते. त्यांना वाटलं, बायको कौतुकानं दाखवते आहे.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंनी गाठोडं बांधलं. लेकीला इथं आणता येत नाही, तर आपणच अकोल्याला जायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पहिलं बाळंतपण सासरी करायचं आणि आईनं विहिणीच्या घरचं अन्न खात राहायचं, हे आमच्यातही कोणी करत नव्हतं. आम्ही देव सोडले, मानपान सोडले नाहीत. त्यातून विहीण सुंदराबाई. तिची जीभ बडनेऱ्यापर्यंत ऐकू यायची. मोतीरामजी हादरले. मंडळीच्या वडिलांची बायको लेकीच्या सासरी तुकडे मोडते, असं लोक म्हणतील की!

"म्हणू द्या," पार्वताबाई म्हणाल्या. "तो माहा वाटा. तुमचा आतल्या खोलीत निजला हाय."

त्या गेल्या. मोतीरामजींना स्टेशनपर्यंतही जाता आलं नाही, कारण आतून हाक आली होती.

पुढचे दिवस आमच्या भिंतीला फार जड गेले. पेज पातळ म्हणून पुंजाराम ओरडायचा, घट्ट झाली म्हणूनही ओरडायचा, आणि मोतीरामजी उलट ओरडत. मोतीरामजी जिनातून दुपारी धावत येत आणि चादरी धूत. मंडळीतल्या लोकांकडे त्यांनी मदत मागितली, तर प्रत्येकानं त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं कबूल केलं. एकदा अंगणात पिळे घालताना ते वैतागून मला म्हणाले, "काय माणूस आहे हो, उपकारसुद्धा मानत नाही." मी म्हटलं, इतरांचा वधस्तंभ लाकडाचा असतो, तुमचा निदान बोलतो तरी.

ते हसले नाहीत. पण त्या दिवसानंतर भिंतीपलीकडली आरडाओरड एकतर्फीच राहिली.

ईस्टरच्या आधीच्या सभेला पुंजारामनं हट्टानं स्वतःला खाटेवर उचलून आणवलं. पाळकसाहेबांनी मोतीरामजींना साक्ष द्यायला सांगितलं. ते उठले नाहीत. म्हाताऱ्याच्या ओठावरून लाळ गळत होती, ती ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्यांनी नुसतीच मान हलवली. मग पुंजारामच बोलला.

"पेज अजून जमत नाही मोत्याले. पन कुशीवर वळवाले शिकला."

अशी साक्ष आमच्या मंडळीत पूर्वी झाली नव्हती. आमेन म्हणावं की नाही, कोणाला कळेना.

एस्तेरला मुलगी झाली, तेव्हा आई उशाशी होती. सुंदराबाईचे टोमणे पोटभर खाऊन पार्वताबाई परत आल्या आणि गाठोडं ठेवून सरळ आतल्या खोलीतल्या भांड्याकडे वळल्या. मोतीरामजींनी ते त्यांच्या हातातून घेतलं.

"तू बस. प्रवासातून आली."

आणि मागच्या दारानं ते रिकामं करायला गेले.

पुढल्या उपवासकाळात पुंजाराम होताच. मोतीरामजींनी सभेत काहीच सोडल्याचं सांगितलं नाही. शांतवन मास्तरांनी पुन्हा तपकीर सोडली, आणि सभा पुन्हा हळहळली.