इबाखाच्या चौकीवरचा राजपुत्र

माझा थोरला भाऊ खोरिदाई लांडग्याच्या मागे लागला असताना घोड्यावरून पडला आणि जागच्या जागी गेला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता यांची चौकी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार. खानाच्या राजधानीहून, काराकोरमहून, दक्षिणेच्या सरहद्दीला जाणाऱ्या वाटेवरची आमची चौकी. खानाचा निरोप्या यायचा, दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि सुटायचा. बस, एवढंच काम. पण खानाचं एवढं अफाट राज्य याच कामावर तोललेलं होतं. कुठल्या कोपऱ्यात कुणी बंडाची नुसती कुजबुज केली तरी फौज दारात हजर व्हायची. शत्रू म्हणायचे, यांना चेटूक येतं. चेटूक कसलं, आमचे घोडे!

भावाच्या जागी माझी वहिनी, इबाखा, उभी राहिली. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारायची वाटही पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती घोडे बांधायच्या दोरापाशी होती आणि मला, तिच्या धाकट्या दिराला, हाका मारत होती, "सुगे, ऊठ! रडायचं ते घोड्यांना पाणी पाजता पाजता रड."

त्या साली पाऊस कमी झाला. गवत खुरटलं, घोड्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. धावण्याजोगे म्हणून थोडेच उरले होते, ते वहिनी वेगळे बांधून ठेवायची. आणि नेमका त्याच शरदात बुजीर आला.

बुजीर म्हणजे खानाचा सख्खा पुतण्या. शिकारीला निघाला होता. बरोबर बहिरी ससाणे, कुत्रे आणि दिवसभर खिदळणारे सोबती. घोडे फेसाळलेले.

"ए बाई, ताजे घोडे काढ," तो खोगिरावरूनच म्हणाला. "आहेत तेवढे सगळे."

"पट्टी दाखवा, नोयान." सरदाराला म्हणतात तसं वहिनीनं त्याला नोयान म्हटलं.

"कसली पट्टी?"

"खानाच्या शिक्क्याची. पट्टी असली की घोडा मिळतो, नसली की दूध मिळतं. उतरा, दूध प्या."

त्याचे सोबती फिदीफिदी हसले. बुजीरचे कान लाल झाले. "माझ्या अंगात खानाचं रक्त आहे!"

"असेल की. पण रक्त काही मला ओळखता येत नाही. पट्टी ओळखता येते."

मी मध्ये जाऊन उभा राहिलो, तसा त्याचा चाबूक माझ्या गालावर बसला. वहिनीनं मला दंडाला धरून मागं ओढलं. "बाजूला हो, सुगे. एवढ्यांपुढं आपलं काय चालणार?" मग ती त्याच्याकडे वळली. "न्या घोडे. पण हे मी काराकोरमला जाऊन सांगणार."

"सांग की! वाटेत लांडग्यांनाही सांग."

दोर रिकामा झाला. अजून त्यांची धूळ खाली बसली नव्हती, तोच दक्षिणेकडून घुंगरं ऐकू आली. निरोप्या. लांबच्या दौडीसाठी पोट, छाती, डोकं कापडानं आवळून बांधलेलं, ओठ फुटलेले. खाली उतरला तो कोसळलाच.

"घोडा! सरहद्दीवरच्या ठाण्याला वेढा पडलाय."

देणार कुठून? मी वहिनीकडे पाहिलं. ती तंबूमागे गेली आणि आपली तांबडी घोडी घेऊन आली. लग्नात तिच्या बापानं दिलेली. घोडीच्या मागे शिंगरू होतं. वहिनीनं शिंगराच्या गळ्यात दोर टाकला आणि ते मला धरायला सांगितलं.

"हिला थोपवायला लागेल हं," ती निरोप्याला म्हणाली, "ही आपणहून थांबायची नाही."

घोडी गेली. शिंगरू दिवस मावळेपर्यंत ओरडत राहिलं.

पुढं कळलं की घोडी पुढच्या चौकीच्या दारात पडली, ती उठलीच नाही. आणि हेही कळलं की निरोप वेळेत पोचला, फौज गेली, ठाणं वाचलं. ज्या दिवशी या दोन्ही बातम्या आल्या, त्या दिवशी वहिनी दिवसभर शिंगरापाशी बसून होती. संध्याकाळी फक्त म्हणाली, "सुगे, उद्या निघायचं. खोगिरं तपासून ठेव."

"वहिनी, अगं, तो खानाचा पुतण्या आहे! आपल्याला तिथं कोण विचारतंय?"

"न विचारलं तर परत येऊ. वाट तर आपलीच आहे."

काराकोरमच्या वेशीवर पहारेकरी हसले. पण आत न्यायाला बसलेला अर्खाई हसला नाही. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, जुन्या लढायांतला माणूस. बुजीरला बोलावणं गेलं. तो आला, चुलते-मामे आले, तंबू गच्च भरला.

अर्खाई म्हणाला, "बाई, कुणावर फिर्याद करतेस, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर इथवर आले. एखाद्या मेंढपाळानं घोडे नेले असते तर मीच त्याला बघून घेतलं असतं."

मागे कुणीतरी हसू दाबलं. बुजीर उसळला, "नेले, हो, नेले! परत नाही का केले?"

"दोन लंगडे करून," मी म्हणालो.

अर्खाई बुजीरला म्हणाला, "ती घोडी नसती, तर ठाण्यावरचे सगळे आज गिधाडांच्या पोटात असते. त्यात तुझा मावसभाऊही होता. आपले आजे-पणजे तुझ्यासारखेच एकमेकांचे घोडे पळवायचे. तेव्हा आपल्याला कोण भीत होतं?" मग वहिनीकडे वळून म्हणाला, "तुला काय हवं?"

"घोडी काही परत येत नाही. चौकीवर हात कमी पडतात. हिवाळाभर हा माणूस द्या."

अर्खाई उठून खानाकडे गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "खान म्हणाले, घेऊन जा."

असा बुजीर आमच्याकडे आला. पहिले काही दिवस फुगून बसला. वहिनीनं त्याला गोठलेल्या नदीवर पाणी आणायला धाडलं. बराच वेळ झाला तरी परतेना, म्हणून ती काठावर जाऊन ओरडली, "नोयान, बर्फ फुटतोय, की तुम्हाला बघून लाजतोय?" त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. तळहाताला फोड आले होते, तरी हसला.

ऐन थंडीत एकदा हिमवादळात एक निरोप्या आला. त्याचे पाय लाकडासारखे झाले होते. त्याला बुजीरनंच खोगिरावरून उचलून आत आणलं, त्याचे पाय स्वतःच्या पोटाशी धरले.

"हे असेच येतात?" त्यानं मला विचारलं.

"असेच येतात."

निरोप्याला उठता येईना. त्याच्या जागी मी निघायला लागलो, तर बुजीर म्हणाला, "तू गेलास तर इथले घोडे कोण सांभाळणार? मला कुठं जमतं?" निरोप पाठ राहावा म्हणून ओवीसारखा लयीत बांधलेला होता. त्यानं तो निरोप्याशेजारी बसून पुन्हा पुन्हा म्हणत पाठ केला आणि वादळात निघून गेला.

परत आला तो कानाचा तुकडा थंडीनं गमावून. वहिनीनं गरम मटणाच्या रश्श्याचा पहिला वाडगा त्याच्या हातात दिला. पहिला वाडगा आमच्याकडे घरच्या कर्त्याचा.

"निरोप दिला?" तिनं विचारलं.

"एक शब्द चुकला नाही, इबाखा," तो म्हणाला, आणि त्याचा ऊर असा भरून आला होता, की कुठली लढाई जिंकूनही भरून आला नसता.

वसंतात त्याची माणसं सजवलेले उंट घेऊन त्याला न्यायला आली. तो घोड्यांना चारा घालत होता. त्यानं त्यांना हातानंच थांबायची खूण केली, दोरावरच्या शेवटच्या घोड्यापर्यंत गेला आणि मगच अंगावरचा गवताचा भुसा झटकत पुढं आला. वहिनी तंबूच्या दारात उभी होती. तिच्यापुढं खानाच्या पुतण्यानं कमरेत लवून नमस्कार केला. तिनं तो मान ताठ ठेवून घेतला, आणि शेजारी मी उभा होतो, माझीही मान आपोआप ताठ झाली.