नदीकडे तोंड केलेलं बाळंतघर

पाहुणे दुपारी यायचे होते आणि पलंगावर झोपायला एकही बाई तयार होत नव्हती.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!" गावसभेच्या कचेरीत देयानिरा कळवळून सांगत होती. "फोटो काढतील, दोन शब्द बोलतील आणि जातील. ओल्गा, मागच्या वेळी तूच झोपली होतीस ना?"

"झोपले होते की! पोटावर उशी बांधून," ओल्गा म्हणाली. "फोटो काढताना उशी घसरली बगलेत. तरी त्या पाहुण्या बाई म्हणतात, किती शांत बाळ आहे! या खेपेला मला सोड बाई."

सगळ्या बायका खो खो हसल्या. देयानिराही हसली, पण घड्याळाकडे बघत.

अत्रातो नदीच्या काठी आमचं ताग्वाल गाव आहे. तिथलं हे बाळंतघर समुद्रापलीकडच्या मार्गिटबाईंनी आखलं आणि त्यांच्या संस्थेने बांधून दिलं. पांढऱ्याशुभ्र फरशा, उंच पलंग आणि नदीच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. परदेशी मासिकांत त्याचे फोटो छापून आले. वर्ष झालं, पण त्या घरात एकही मूल जन्मलं नव्हतं. त्या गुळगुळीत फरशीवर आम्ही भात वाळवत होतो. पाहुण्यांची बोट वळणावर दिसली की भात गोळा व्हायचा, चादरी पसरल्या जायच्या आणि सगळं गाव तोंडभर हसत धक्क्यावर उभं राहायचं. पाहुण्याने प्रेमाने काही दिलं तर त्याला नावं ठेवायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीपायी आम्ही वर्षभर नाटक वठवत होतो!

देयानिरा त्या नाटकाची सूत्रधार होती. मेदेयीन शहरात जाऊन घरांचे नकाशे काढायला शिकलेली गावातली ती पहिलीच मुलगी. मार्गिटबाई बोलायच्या आणि देयानिरा ते आमच्या भाषेत करून सांगायची. आज तिला गावाच्या वतीने एका पत्रावर सही करायची होती. 'घर उत्तम चाललं आहे, गाव समाधानी आहे,' असा मजकूर होता. त्या सहीवर नदीकाठच्या आणखी वीस गावांत हुबेहूब अशीच वीस घरं उभी राहणार होती.

शेवटी ती आपल्या धाकट्या बहिणीला गळ घालायला निघाली. नेइलाला नववा लागला होता. या दिवसांत ती उबेर्तिना मावशीच्या परसातच बसलेली असे. मावशी गावची सुईण. देयानिराला आणि नेइलालाही तिनेच या जगात आणलं होतं.

मावशी तिच्या होडीतली माती सारखी करत होती. भोक पडलेली जुनी होडी चार खांबांवर चढवून तिच्यात माती भरायची आणि औषधी पाला लावायचा, हे इथल्या प्रत्येक सुईणीचं दुकान. ही होडी पूर्वी नदीकाठी होती, आज बाळंतघराचा व्हरांडा आहे त्याच जागी. 'फोटोत अडगळ दिसते' म्हणून ती हलवायला लावली होती देयानिरानेच. हलवताना अर्धा पाला मेला.

"नेइला, दहा मिनिटं झोपशील?" देयानिराने विचारलं.

नेइलाने मावशीकडे पाहिलं.

"पाण्याची टाकी आली तेव्हा कुणाला झोपवावं लागलं होतं गं?" मावशी मान वर न करता म्हणाली. "टाकी आम्ही मागितली होती. मार्गिटबाईने दिली. रोज हंडा भरताना मी तिचं नाव घेते. घर कुणी मागितलं होतं?"

"मावशी, आता झालं ते झालं. ते लोक इतक्या लांबून येतात, आपल्यासाठी इतकं करतात. आपण कृतज्ञ असायला नको?"

"असावं की! पण खोटं बोलणं म्हणजे कृतज्ञता, हे तुला मेदेयीनला शिकवलं की मी शिकवलं?"

नेइला उठली. "ताईची नोकरी आहे मावशी. दहा मिनिटांनी काय होतंय?" असं म्हणून ती बहिणीमागून चालू लागली.

दुपारी बोट लागली. मार्गिटबाई उतरल्या त्या हात पसरूनच. बाई खरोखर मायाळू, यात वाद नाही. प्रत्येकीचं नाव त्यांना पाठ होतं. त्यांच्यासोबत संस्थेचे चार मोठे लोक होते. नेइला पलंगावर आडवी झाली. मार्गिटबाई काचेपाशी उभ्या राहून बोलू लागल्या आणि देयानिरा एकेक वाक्य उलगडून सांगू लागली.

"ही या नदीवरची बाळंतपणाची पहिली सुरक्षित जागा आहे. इथे आईला पहिल्या कळेपासून नदीचं सुंदर दृश्य दिसत राहतं!"

हे वाक्य देयानिराने पूर्वी दहा वेळा सांगितलं होतं. आज दाराशी उभी असलेली उबेर्तिना मावशी तिला दिसली आणि 'पहिली सुरक्षित' हे शब्द तिने गाळून टाकले. या बाईच्या हातांत जन्मून मीच तिच्या तोंडावर हे सांगत आले?

तेवढ्यात केळ्यांनी भरलेली एक होडी काचेसमोरून गेली. होडीतली माणसं हात हलवून ओरडली, "नेइला! काय गं, झालं का? मुलगा की मुलगी?" मागून दुसरी होडी आली. तिच्यात नेइलाचा सासरा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि लाजून मान फिरवली.

नेइलाने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. तिने पोट धरलं, ती पलंगावरून खाली उतरली आणि चालू लागली.

"मावशी, सुरू झालं," ती म्हणाली. मावशीने तिला कवेत घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोरून दोघी बाहेर पडल्या.

मार्गिटबाई थक्क झाल्या. "तिला कळा येताहेत ना? मग ती जाते कुठे? हे घर याच्यासाठीच तर आहे!"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच पाहुण्यांसाठीचं हसू. गावसभेचे प्रमुख निकोमेदेस देयानिराच्या कानाशी लागले, "सांग, घरी काहीतरी विसरलीय म्हणून. लगेच येते म्हणावं. पोरी, सांभाळून घे!"

सगळ्यांची नजर देयानिरावर खिळली. खिशात पत्र होतं. एक लहानसं खोटं आणि सगळं सुरळीत झालं असतं. पण त्या वीस गावांतल्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलेल्या.

"ती मावशीच्या घरी जातेय," देयानिरा म्हणाली. "इथे कुणीच बाळंत होत नाही. वर्षभरात एकही मूल इथे जन्मलेलं नाही. मार्गिटबाई, तुम्हाला नदी म्हणजे देखावा वाटला. आमच्यासाठी नदी म्हणजे रस्ता! बाजार, शाळा, मयत, लग्नाची वरात, सगळं इथूनच जातं. तुम्ही आमचा पलंग भररस्त्यावर मांडलात. नकाशा पाहिला त्या दिवशीच मला हे कळलं होतं आणि मी बोलले नाही!"

मग तेच तिने आमच्या भाषेत सांगितलं. पुढे सरकून ओल्गा म्हणाली, "आणि ते शांत बाळ म्हणजे उशी होती, तेही सांग."

मार्गिटबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. सोबतचे मोठे लोक बोटीत जाऊन बसले.

ऊन उतरू लागलं तेव्हा मावशीच्या घरातून रडणं ऐकू आलं. खणखणीत! गावाने टाळ्या पिटल्या. थोड्या वेळाने हात पुसत मावशी आली आणि मार्गिटबाईंशेजारी पायरीवर टेकली.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत," ती म्हणाली. देयानिरा मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगू लागली.

"तीन वर्षं दिली मी या घराला," मार्गिटबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "मला कुणी सांगितलं का नाही? मी प्रत्येकीला विचारलं होतं, आवडलं का म्हणून!"

"स्वयंपाक करून वाढल्यावर पाहुण्याला विचारलं, आवडलं का, तर तो नाही म्हणेल?" मावशी म्हणाली. "चूल पेटवण्याआधी विचारायचं असतं, काय खाता म्हणून. बाई, तुझं मन चांगलं आहे. पण तू आलीस ती आम्हाला वाचवायला आलीस. बुडणाऱ्याला कुणी पत्ता विचारत नाही. आम्ही बुडत नव्हतो गं! माझी आई सुईण, तिची आई सुईण. अडलेली बाई ओळखून वेळेत मोठ्या दवाखान्यात धाडायची, हे आम्हाला ठाऊक आहे. या घराचे फोटो छापले त्या मासिकात माझाही फोटो आहे म्हणतात. खाली काय लिहिलंय?"

देयानिराने मान खाली घातली. "'नदीकाठची एक स्त्री,' असं लिहिलंय."

"बघ. आणि तुझं नाव मात्र त्या दारावर माझ्या हाताएवढ्या अक्षरांत." मावशीचा आवाज मऊ झाला. "आमचीही चूक आहे. तुझं मन मोडू नये म्हणून आम्ही तुला वर्षभर फसवलं. आपल्या माणसाला कुणी असं फसवतं का? आम्ही तुला पाहुणीच ठेवलं. आता खरं सांगितलं, म्हणजे आता तू घरची झालीस."

मार्गिटबाई रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

मावशी एवढी हसली की तिचे सगळे दात दिसले. "अगं, हे तू पहिल्यांदाच विचारलंस!"

देयानिराने पत्र फाडलं. वीस घरांचा बेत थांबला. आधी त्या वीस गावांच्या सुईणींची बैठक भरेल आणि मार्गिटबाई तिथे ऐकायला बसतील, असं ठरलं. सगळंच काही गोड झालं नाही. संस्थेतले दोन मोठे लोक रुसले ते रुसलेच. पण ताग्वालचं घर बदललं. काचेच्या जागी लाकडी फळ्या आल्या, दार मागच्या अंगणाकडे गेलं, कळा देताना धरायला आडव्या तुळईला दोर बांधला, चूल मांडली. दारावरची पाटी मार्गिटबाईंनी स्वतः उतरवली. मावशीची होडी परत नदीकाठी आणली तेव्हा माती वाहायला त्याही बादली घेऊन बायकांच्या रांगेत होत्या. "अर्धी भर, सांडतेय!" असं ओल्गा त्यांच्यावर खेकसली आणि त्यांनी निमूट बादली अर्धी केली.

त्या घरात पहिलं मूल ओल्गालाच झालं. या खेपेला उशी नव्हती.

होडी परत आणली त्या दिवशी तिच्यात नवी रोपं लावताना देयानिराने मावशीचे मातीने भरलेले हात आपल्या हातांत धरले. "मावशी, परक्यांचे आभार मानायला मी किती शब्द शिकले. तू मला या जगात आणलंस, त्याबद्दल तुला कधी एक शब्द बोलले नाही. तुझे उपकार आहेत माझ्यावर!"

"आता बोललीस ना? मग पाणी घाल. मुळं सुकताहेत," मावशी म्हणाली आणि डोळे लपवायला पलीकडे वळली.

वाचकहो, मदतीचा हात कुणी पुढे केला तर तो जरूर धरा, त्याचे मनापासून आभार माना. पण जे चुकलं ते त्याच हाताला धरून सांगा. आणि आपण स्वतः कुणाचं भलं करायला निघालो, तर मोजपट्टी काढण्याआधी त्या घरच्या बाईशेजारी पायरीवर बसा आणि विचारा. तिला जे ठाऊक आहे ते मान्य करणं, तिचं नाव तिच्या कामाखाली लिहिणं, हीच खरी कृतज्ञता. आमच्या गावाला हे शिकायला वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये, म्हणून ही गोष्ट सांगितली.