कोणाचा चेहरा धुतला?

जुन्या चित्रपटातली काळ्या मोलकरणीची दृश्यं कापून टाकली, तर कात्रीसाहेबांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. तक्रारी येणार नव्हत्या, वाहिनीच्या संचालकबाई खूश होणार होत्या, विभागप्रमुखाची खुर्ची जवळ सरकणार होती, आणि सुधारक म्हणून नाव होणार होतं ते वेगळंच. तोटा कोणाचा, हे त्यांनी पाहिलं नाही. आपल्यापैकी तरी किती जण पाहतात?

वाहिनीवर दाखवण्याआधी जुने चित्रपट तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. कापण्यात हात इतका सढळ, की सहकाऱ्यांनीच ‘कात्रीसाहेब’ हे नाव पाडलेलं. या चित्रपटात नायक मोलकरणीला रंगावरून हिणवतो, ती फरशी पुसत असताना तिची बादली लाथाडतो, आणि त्यावर प्रेक्षकांनी खो खो हसायचं अशी योजना. साहेबांना शिसारी आली. इथवर माणूस सरळ होता. पण मग त्यांनी बाकीचा चित्रपट पळवत पळवत पाहिला, मोलकरीण दिसेल तिथे कात्री चालवली, श्रेयनामावलीतून तिचं नावही उडवलं, आणि हात झटकून चहाला गेले.

रविवारी दुपारी चित्रपट लागला. सोमवारी सकाळी एक काळी, म्हातारी बाई नातीचा हात धरून त्यांच्या खोलीत उभी राहिली. नात रागाने फणफणत होती. तिने सांगितलं ते असं : मी सिनेमात होते, असं आजी आम्हाला लहानपणापासून सांगायची. काल तिने सगळं घर टीव्हीपुढे बसवलं, शेजारीही बोलावले. आता येईन बघा, आता येईन, म्हणत शेवटपर्यंत बसून राहिली. सिनेमा संपल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, आजी, तू बहुतेक पडद्यामागे असशील. सगळे हसले. आजी जेवली नाही.

साहेबांनी समजुतीचा सूर लावला. मावशी, तुमच्याच मानासाठी कापलं, आजच्या काळात ते बरं दिसत नाही, वगैरे.

"अपमान माझा झाला होता ना?" मावशी म्हणाल्या. "मग लाथ मारणारा का नाही कापलात?"

"तो नायक आहे, मावशी."

"हो ना. काल बघितला त्याला. काय सज्जन दिसत होता! तुम्ही माझा अपमान नाही पुसलात, बाळ. त्याचा चेहरा धुऊन दिलात. तोही माझंच फडकं करून."

साहेबांनी मूळ प्रत लावली. या वेळी न पळवता. बादली उडते, पाणी पसरतं, नायक हसतो, त्याचे मित्र हसतात. मोलकरीण हसत नाही. ती नायकाकडे सरळ बघते आणि बघतच राहते.

"दिग्दर्शक ओरडत होता, हस म्हणून. पुन्हा पुन्हा घेतलं. मी नाही हसले. शेवटी कंटाळून त्याने तसंच ठेवलं," मावशी म्हणाल्या. "त्यानंतर मला कोणी काम दिलं नाही. त्या सिनेमात तेवढं एकच माझं होतं. तेच तुम्ही कापलंत."

साहेबांना आधी म्हातारीचा राग आला, मग त्या दिग्दर्शकाचा. आणि दोन्हीकडे जागा मिळेना, तेव्हा तो राग त्यांच्याच मानगुटीवर येऊन बसला. ते उठून संचालकबाईंकडे गेले. चित्रपट अख्खा दाखवायचा आणि आधी मावशींनी बोलायचं, असा हट्ट धरला. नायकाचे घरचे दुखावतील, प्रेक्षक चिडतील, असं बाईंनी बजावलं. चिडू देत, म्हणाले साहेब. इतकी वर्षं नुसते हसलेच आहेत. विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला गेली, पण चित्रपट लागला.

त्याआधी मावशी पडद्यावर येऊन एवढंच म्हणाल्या, "हे असं होत होतं, आणि लोक हसत होते. आज बघा, आणि तुम्हाला हसू येतं का, ते स्वतःला विचारा."

नागरिकहो, जुनं पाप कापून फेकलं की आपण शुद्ध होत नाही. फक्त पापी सुटतो आणि साक्षीदार नाहीसा होतो. ते जसं होतं तसं दाखवा, ते कोणी केलं आणि कोण हसलं हे सांगून दाखवा, आणि मुलांना शेजारी घेऊन बघा.

आता हिशेब. याआधी सगळी किंमत एकट्या मावशींनी मोजली, तीही दोनदा : एकदा लाथ सोसून, एकदा नाहीशा होऊन. या खेपेला मात्र ती नायकाच्या कीर्तीने मोजली, साहेबांनी मोजली, आणि घरोघरी टीव्हीपुढे ज्यांचं हसू ओठांवरच थिजलं, त्या आपण सगळ्यांनी मोजली. मावशींच्या खात्यातून या वेळी काहीही गेलं नाही.