पाचवा आठवडा

ऐक, आधी ऐक. मध्ये बोलायचं नाही, शपथ घे. शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात तो खेळ होता ना, तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे बाहेर काय हाल होतात ते बड्या लोकांना कळावं म्हणून? तोच!

खेळ असा, की प्रत्येकाला एक पाकीट. त्यात खोटं नाव, खोटा गुन्हा, थोडे खोटे डॉलर, बसची चार तिकिटं. पंधरा मिनिटं म्हणजे एक आठवडा, असे चार आठवडे. तेवढ्यात ओळखपत्र काढायचं, नशा केली नाही हे दाखवायला लघवी तपासून घ्यायची, पॅरोलची हजेरी लावायची, भाडं भरायचं. प्रत्येक टेबलाला वेगळी रांग, आणि एका टेबलावरून दुसऱ्याकडे जायला एक तिकीट. काही चुकलं की कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर. तो तुरुंग. मी तिकिटांच्या टेबलावर होते.

आणि जेलर कोण? मिस्टर लॉनी! खरोखरची अकरा वर्षं काढून वसंतात सुटलेत. खेळ भरवणाऱ्या पिकरिंगबाई म्हणाल्या, "खरा अनुभव पाहिजे," आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

पण मिस्टर लॉनी काही खेळायला आले नव्हते गं. त्यांची मुलगी रेनिटा नर्स झालीय, दुसऱ्या दिवशी तिचा पदवीचा समारंभ, इंडियानापोलिसला. गाडीनं चार तास. पण मध्ये आपल्या ओहायोची हद्द, आणि पॅरोलवरच्या माणसानं सहीच्या कागदाशिवाय ती ओलांडली की परत आत. सही करणारी बाई म्हणजे त्यांची पॅरोल अधिकारी, मिसेस रासमुसेन, आणि ती खेळायला येणार म्हणून हे शिट्टी घालून उभे!

दारातच त्यांनी कागद पुढे केला.

"मी आत्ता कामावर नाही, लॉनी. सोमवारी ऑफिसात या."

"मॅडम, समारंभ उद्या आहे."

"मग आधी नाही का यायचं?"

"आलो होतो, मॅडम. तीनदा. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

"कसल्या?"

"या खेळाच्या तयारीच्या."

मी हसू दाबायला तोंडात अख्खा डोनट कोंबला.

पहिला आठवडा सगळे मजेत, कॉफी काय, फोटो काय! दुसऱ्यात रांगा लागल्या. तिसऱ्यात जज्ज हाव्हलिचेक, अगं खरे जज्ज, पिकरिंगबाईंना विचारतायत, "भाडं बुडवलं तर कोणाला कळेल का?" आणि रासमुसेनबाईंची तिकिटं संपली. हजेरीच्या टेबलाला जायचंय, तिकीट नाही. तिकिटाला पैसे हवेत, पैसे भाड्यात गेले. मी मान वळवली, परत बघते तर बाईंचा हात माझ्या तिकिटांच्या डब्यात!

मिस्टर लॉनींनी शिट्टी मारली. "कोपऱ्यात, मॅडम."

"पण माझा नंबर आला होता! कोणी ऐकूनच घेत नाही!"

"हो मॅडम."

शेजारच्या खुर्चीवर जज्जसाहेब आधीच बसलेले. दुसऱ्यांदा.

आता गंमत बघ. तुरुंगातून सुटायचं तर जेलरची चिठ्ठी लागते. मी मिस्टर लॉनींच्या कानात म्हटलं, "आधी तुमचा कागद, मग तिची चिठ्ठी!"

ते म्हणाले, "असले सौदे मी अकरा वर्षं बघितलेत, पोरी." आणि दिली की लगेच चिठ्ठी! मला इतका राग आला ना!

खेळ संपला, सगळे गोल करून बसले, कसं वाटलं ते सांगायला. रासमुसेनबाईंनी माइक घेतला तो सोडेचनात. "एका साध्या कागदासाठी इतकं अगतिक व्हायचं!" म्हणून रडल्या. खरंच रडल्या, नाटक नव्हतं. जज्जसाहेबांनी रुमाल दिला. आणि तीन हातांवर मिस्टर लॉनी हातात कागद घेऊन उभे. टाळ्यांच्या मध्येच ते हळूच म्हणाले, "मॅडम, तो कागद..."

"सोमवारी, लॉनी," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं गं. त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि वाजवली. "पाचवा आठवडा! उलटापालट! आता मॅडम अधिकारी, मिस्टर लॉनी कैदी! एका मिनिटात कागदावर सही नाही झाली तर मॅडम कोपऱ्यात!"

पाचवा आठवडा नसतोच! पण तासभर पळून सगळ्यांच्या अंगात आलेलं. बाई पेन शोधत धावल्या, "द्या, द्या लवकर!" सही ठोकली. मग वाचलं.

काय चेहरा झाला! मिस्टर लॉनी तर पांढरेफटक. पण जज्जसाहेब टाळ्या वाजवत ओरडले, "वा! बघा, किती सोपं असतं!" त्यांच्यासमोर बाई सही परत कशी घेणार? खालची तारीखपण भरली, दात आवळून.

शनिवारी मला फोटो आला. अर्ध्या फोटोत मिस्टर लॉनींचा अंगठा, मागे टोपीतली रेनिटा, एवढीशी.

पिकरिंगबाईंनी मला सांगितलंय, परत खेळात पाऊल टाकायचं नाही. रासमुसेनबाई तो पाचवा आठवडा स्वतःची कल्पना म्हणून सगळ्या ओहायोत नेणार आहेत. आणि मिस्टर लॉनींना सोमवारपासून आठवड्यातून दोनदा हजेरी. का, ते कोणी सांगत नाही.

काल रस्त्यात भेटले. मी मान खाली घातली. म्हणाले, "रेनिटाचं नाव पुकारलं ना, तेव्हा मी तिथं होतो, पोरी." आणि हजेरीची वेळ झाली म्हणून पळाले.

आता बोल. शिट्टी तुझ्या हातात असती, तर तू काय केलं असतंस?