चिंतामणीची खरी उंची

चिंतामणी पाच फूट नऊ इंच आहे, हे त्याच्या घरात ठरून गेलेलं होतं. दर वाढदिवसाला त्याची आई अनसूयाबाई त्याला चौकटीला टेकवून आपल्या शिवणाच्या टेपने मोजायची, आणि विसाव्या वर्षानंतर माप कधी हललं नव्हतं. लग्नासाठी पाठवलेल्या माहितीतही तेच गेलं. पोस्टातल्या कारकुनीने नाही, तरी उंचीने आपण उठून दिसतो, असं चिंतामणीलाही वाटे.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात सांगून आलेली माधवी वडिलांबरोबर चिंतामणीचं कापआळीतलं घर बघायला आली. ती ठाण्याला अकरावीच्या वर्गांना फिजिक्स शिकवायची. पहिल्या भेटीत दोघं बसूनच बोलली होती. आता चिंतामणी स्वागताला दारात उभा राहिला, आणि तिच्याकडे बघताना त्याला मान किंचित वर करावी लागली. तिच्या पायात तर सपाट चपला होत्या.

पोहे होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग माधवीने सहज विचारलं, "काकू, यांची उंची कोणी मोजली होती?"

"मीच. दरवर्षी मोजते. कधी फरक पडला नाही."

"माझी पाच फूट साडेसात आहे," माधवी म्हणाली. घरामागच्या पॉवरलूमच्या खडखडाटामुळे कापआळीत हळू बोलायची सोय नव्हती. शेजारीही ऐकू गेलं असणार. चिंतामणीचे कान तापले. त्याचे वडील, अण्णा, बशीत उरलेला शेंगदाणा शोधू लागले.

"आई, टेप आण बघू," चिंतामणीच म्हणाला.

माधवीने टेप बोटांतून टोकापर्यंत सरकवली. "काकू, ही दोनपासून सुरू होते."

"टोक फाटलं होतं, कापून टाकलं. याच टेपने अर्ध्या आळीची झंपरं शिवलीत मी. एकीचंही सैल झालं नाही."

"होणारच नाही. अंगाचं माप दोन इंच जास्त आलं, पण कापडही याच टेपने मोजलंत, तिथे तेवढंच कमी झालं. चूक चुकीत जिरली. यांची उंची मात्र टेप सोबत न घेता घराबाहेर पडली."

अण्णांना ठसका लागला.

"पण माझं माप कधी बदललं नाही," अनसूयाबाई अडून बसल्या.

"दरवेळी तेच उत्तर येणं वेगळं, काकू, आणि ते खरं असणं वेगळं."

"मग तुम्हीच मोजा," चिंतामणी चौकटीला पाठ लावून उभा राहिला. माधवीने त्याच्या डोक्यावर वही आडवी ठेवून तीनदा मोजलं आणि प्रत्येक वेळी दोन वजा केले. पाच सात आलं, मग पाव इंच कमी, मग पाव इंच जास्त.

"तीनदा तीन उत्तरं," अनसूयाबाईंचा चेहरा खुलला. "कॉलेजात हेच शिकवतेस का गं?"

"हो, हेच. माझा हात हलतो, आणि हे टाचा उचलतात."

"मी नाही उचलल्या," चिंतामणी म्हणाला.

"तिसऱ्या वेळी उचलल्यात. तेव्हा पाच फूट सात, इकडेतिकडे पाव इंच."

"म्हणजे तुमच्यापेक्षा अर्धा इंच कमीच भरलो."

"तसं ठामपणे सांगता येणार नाही," माधवी टेप गुंडाळत म्हणाली. "माझी उंचीही कुणीतरी टेपनेच मोजलीय. पाव इंच तुमचा, पाव इंच माझा."

तिच्या वडिलांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मुलगी एवढी सवलत कुणाला देत नसे.

होकार आठवड्याच्या आत आला. चिंतामणीने पोस्टात कुणी विचारायच्या आधीच ही बातमी सगळ्यांना सांगून टाकली. उंचीचं मात्र तो बोलला नाही.