विसरायचा नियम

बाईंची मुलाबद्दल तक्रार एकच होती, पण ती सकाळी सुरू झाली की दिवे लागेपर्यंत चालायची. बहीण हाका मारून मारून घसा कोरडा करते आणि हा मान वळवून बघत नाही! बहिरा असता तर बाईंनी नशिबाला बोल लावून सोडून दिलं असतं. पण ताट वाढलंय असं नुसतं पुटपुटलं तरी हा मागच्या गल्लीतून पळत यायचा.

लाँड्री बाईंची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पलंगपोस, उशांच्या अभ्र्यांचे ढीग. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. ती वाफेच्या मोठ्या रुळात ओली चादर सरकवायची आणि तिचा थोरला भाऊ लांबू पलीकडून कोरडी चादर ओढून घ्यायचा. रूळ बंद करायचं लाल बटण त्याच्या हाताशी होतं.

लांबूला एक खूळ होतं. सुट्टीच्या दिवशी घड्या घालायच्या टेबलावर तो, भिंगरी आणि त्यांचे दोन मित्र खेळ मांडत. कुणी मांत्रिक व्हायचं, कुणी भालाईत. फासे टाकायचे आणि पुढे काय घडलं ते तोंडानं सांगायचं. त्या खेळातल्या आभाळात दोन पक्ष होते, एक ध्रुवाचा आणि एक धूमकेतूचा. ज्याचा जो पक्ष त्याची ती भाषा, आणि दोन्ही भाषा लांबूनं स्वतः घडवलेल्या. धूमकेतूची घशातून यायची, खाकरल्यासारखी.

"घशात काटा अडकलाय का रे?" बाई विचारायच्या.

"आई, ही अंधाराची भाषा आहे."

"मग दिवा लाव आणि नीट बोल."

ध्रुवाची भाषा मात्र लांबलचक, मऊ, गाय हंबरावी तशी. यंत्रांच्या खडखडाटातही तिचे सूर दूर पोचायचे, म्हणून भावंडं कामातसुद्धा तीच वापरू लागली. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पोरं हसतायत, चादरी निघतायत, आणखी काय पाहिजे?

मग एका सुट्टीला खेळातले ग्रह एका रांगेत आले आणि लांबूनं पक्ष बदलला. तो धूमकेतूकडे गेला. नियम असा होता की पक्ष सोडला की जुनी भाषा त्याच क्षणी विसरायची. समजल्याची खूण जरी चेहऱ्यावर दिसली तरी गडी बाद. हा नियमही त्याचाच.

"बघू, किती टिकतोस," भिंगरी हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुळापाशी तिनं नेहमीसारखी ध्रुवाच्या भाषेत हाळी दिली. लांबू हात खाली सोडून उभा. चादर खाली ओल्या फरशीवर पडली.

"साध्या भाषेत सांग ना," तो म्हणाला.

"तूच शिकवलीस. आता मी त्याच भाषेत बोलणार. जा!"

बाई सुरुवातीला हसल्या. दोघंही हट्टी, आपल्याच पोटची. पण जेवताना भिंगरीनं त्याला त्या मऊ भाषेत काहीतरी लाडानं म्हटलं, तेव्हा बाईंचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाची पापणी हलतेच. याची हलली नाही. बहिणीकडे तो भिंतीकडे बघावं तसा बघत होता.

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "अरे, घरात तरी सोंग उतरव."

"सोंग नाही आई. खरंच गेली ती. आत शोधतो तर तिथं काहीच नाही."

आणि हे त्यानं हसत सांगितलं. दात पडल्यावर लहान मूल खिंडार दाखवतं ना, तसं. बाईंना ते खटकलं. पण कामाच्या रगाड्यात दिवसभर तक्रार करण्यापलीकडे त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर एका दुपारी बाई लाँड्रीच्या पार दुसऱ्या टोकाला गाठोडी मोजून घेत होत्या. वाफेनं समोरचं धूसर झालेलं. त्यातून भिंगरीचा आवाज आला, लांब, मऊ: "ऊलाऽमे." मग पुन्हा, जरा वर चढलेला. बाईंच्या हातून गाठोडं सुटलं. ओल्या फरशीवर घसरत, वाटेतली ढकलगाडी उलथवत त्या धावल्या, मुलाला कोपरानं बाजूला ढकललं आणि लाल बटणावर अख्खा पंजा मारला.

भिंगरीची बाही रुळानं ओढून घेतली होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन फुगली होती.

लांबू हातभर अंतरावर उभा होता. मान किंचित कललेली, जणू परक्या मुलखातलं गाणं ऐकतोय.

हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. परतताना बाईंनी विचारलं, "काय ओरडत होतीस गं?"

"थांब म्हणत होते. कामात तोंडातून तीच भाषा येते आई, मुद्दाम नाही."

लाँड्रीत परत आल्या तेव्हा लांबू घड्यांच्या टेबलावर बसला होता. समोर फासे.

"शपथ घेतो आई. ती काय म्हणतेय ते मला कळलंच नाही. नुसता आवाज आला."

बाईंनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. याला दात यायच्या आधीपासून त्या याचा खोटेपणा पकडत आल्या होत्या. आज तो खोटं बोलत नव्हता.

"दादा," मागून भिंगरी म्हणाली. साध्या भाषेत.

"काय गं?" तो लगेच वळला. जणू काही झालंच नव्हतं.

बाई दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"ऐक. ती काय म्हणत होती ते मलाही कळलं नव्हतं. तुझ्या त्या भाषेतलं एक अक्षर मला येत नाही, कधी आलंही नाही. तरी मी त्या टोकापासून धावत आले, आणि तू हाताच्या अंतरावर उभा होतास. तेव्हा भाषा गेली म्हणून मला सांगू नकोस. तुझं जे गेलंय ते दुसरंच आहे. ते परत येईपर्यंत तू रुळापाशी उभं राहायचं नाहीस, आणि माझ्या लेकीच्या शेजारी बसायचं नाहीस. ऊठ त्या टेबलावरून."