दीपशामक महाराज आणि इंजिनाचा पिवळा दिवा

गाड्या धुण्याच्या केंद्रामागच्या मैदानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, आणि प्रत्येकीत स्टिअरिंगपुढे इंजिनाच्या चित्राचा तोच पिवळा दिवा. तो विझवायला दीपशामक महाराज येणार होते. पाना नाही, पेचकस नाही, नुसता हात लावून! भक्तांनी वाहिलेल्या इंजिन ऑइलच्या डब्यांचा तिथे डोंगर झाला होता.

रांगेत आमचा दादाही होता. शेजारी मी, मागच्या सीटवर आत्या. आत्याने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नुकतंच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीला दादाच तिला नेत असे. पण मागच्या खेपेला महाराजांनी विझवलेला दिवा पुन्हा लागला, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "गाडीत शंका बसते. कोण बसतं?" दादाने आठवून पाहिलं. आत्याला दवाखान्यात नेऊन आणलं की एक-दोन दिवसांत दिवा हजर!

तेव्हापासून आत्या डोळ्यावर पट्टी बांधून बसने जात होती. दादाने मान खाली घालून हे सांगितलं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" माझ्या जिव्हारी लागलं. तरी दिवा लागलेलाच होता, म्हणून आज तिनेच हट्ट धरला होता, "शंका माझी आहे ना? मग महाराजांसमोरच ती फिटू दे."

आमच्या पुढे शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता. "महाराज, दिवा तुम्ही विझवलात, पण गाडी चढावर गचके खाते हो."

"दिवा विझला ना? मग गचके मनाचे आहेत," महाराज म्हणाले आणि आमच्याकडे वळले. "किल्ली फिरवा, इंजिन बंदच ठेवा. गाडीला श्वास रोखू द्या!"

त्यांनी लांब बाहीचा हात स्टिअरिंगखाली घातला, डोळे मिटले. "पिस्टनाय शांती, रेडिएटराय शांती!" मागे एक धिप्पाड शिष्य नम्रपणे मान खाली घालून उभा. नम्रता कसली, हातातल्या फोनमध्ये बघत होता!

आत्या खाली उतरली. दादाच्या दारापाशी वाकून तिने टॉर्च मारला. "महाराज, हात तसाच राहू द्या हं." आणि स्टिअरिंगखाली खोचलेलं काडेपेटीएवढं यंत्र तिने ओढून काढलं.

"ती... ती शक्तीची पेटी आहे!"

"हो का? मागे बनवल्याची तारीख छापलीय. तुमच्या शक्तीला वॉरंटीही दिसतेय."

मैदानात हशा पिकला. गाडीतला बिघाड फोनवर दाखवणारं ते यंत्र आत्याने परत जागेवर खोचलं आणि शिष्यापुढे हात पसरला. वर्गात कॉपी पकडताना करत असेल तसा. त्याने निमूटपणे फोन दिला. तिने मोठ्याने वाचलं, "पेट्रोलची वाफ गळते आहे. टाकीचं झाकण तपासा. आणि खाली बटण आहे, 'नोंद पुसा'. ते दाबलं की दिवा विझतो. म्हणजे बिघाड यांना कळत होता. सांगत मात्र नव्हते." मग दादाला विचारलं, "पेट्रोल कुठे भरतोस रे?"

"दवाखान्यासमोर. तुला आत सोडलं की."

"आणि झाकण?"

दादा पुटपुटला, "अर्धवटच फिरवतो. घट्ट बसलं की उघडताना जड जातं."

"टक्क आवाज येईपर्यंत फिरव जा."

दादा गेला. टक्क! आत्याने बटण दाबलं, दादाने गाडी चालू केली, दिवा गायब. लोकांनी लगेच आत्याचाच जयजयकार सुरू केला.

"गप्प बसा!" आत्या कडाडली. "मी नुसती नोंद पुसली. गळती झाकणाने थांबवली."

मग तिने ते यंत्र व्हॅनला लावून पाहिलं. एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हतं. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "यातून मी रोज मुलं नेतो हो..." तो तडक गॅरेजकडे निघाला. महाराज कधी सटकले, कुणाला कळलंही नाही. दादाने मात्र आत्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

मंडळी, तो दिवा म्हणजे गाडीची तक्रार असते. तक्रार पुसणाऱ्याला हात जोडू नका, बिघाड कुठे आहे ते विचारा. तो झाकणात असेल, नळीत असेल, तारेत असेल. शोधला की सापडतो. पण तो शोधायचा कंटाळा म्हणून आपल्याच माणसाला गाडीतून खाली उतरवू नका.